तीन खुकुऱ्या आणि एक कानस: कारागिराची पारख कशी करायची

गेल्या दिवाळीत खानापूरला मामांच्या सोप्यात तीन खुकुऱ्या, म्हणजे गोरख्यांची ती बाकदार पात्याची हत्यारं, शेजारी शेजारी मांडून आम्ही दुपारभर बसलो होतो. मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. १९२२ पासून या रेजिमेंटचं केंद्र बेळगावात आहे, त्यामुळे आमच्या भागात घराआड एक फौजी, आणि फौजीच्या घरात भिंतीवर कुठं तरी खुकुरी ही सापडायचीच. मामेभावाची चंदगडच्या बाजूला काजूची बाग आहे. फांद्या तोडायला, कारवी साफ करायला त्याला कामाची खुकुरी मागवायची होती. त्याचा प्रश्न सरळ होता, "दादा, ह्यातली कुठल्या गावची चांगली तेवढं सांग, तिथनं मागवतो."

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून-थंड करून कडक करण्याच्या खात्यात २६ वर्षं काढली. माझे वडील लोहार होते, आमच्या गावच्या निम्म्या कोयत्या त्यांच्या ऐरणीवरच्या. एवढ्यावर मी त्याला सांगितलं की गावावरून ठरत नाही. नेपाळात भोजपूरचं नाव मोठं. धरानला ब्रिटिश गुरखा भरतीची छावणी होती, त्यामुळे तिथंही कारागीर वाढले. इकडं डेहराडूनला गोरखा वस्ती जुनी, तिथंही खुकुऱ्या होतात. खरं एकाच गावात एका भट्टीचा माल सोन्यासारखा आणि शेजारच्याचा नुसता पत्रा, असं असतं. खुकुरी पारखायची म्हणजे तो हात पारखायचा, आणि त्या हाताची परीक्षा दोनच ठिकाणी होते: पात्याला पाजलेल्या पाण्यात, म्हणजे तापवून थंड करून आणलेल्या कडकपणात, आणि मुठीच्या आत.

समोर होत्या त्या तिन्हींची ओळख करून देतो. पहिली धरानची, मामांना सिक्कीममध्ये शेजारच्या गोरखा पलटणीतल्या एका हवालदारानं निवृत्त होताना दिलेली. दुसरी डेहराडूनची, मामांनीच कोर्सला गेले असताना घेतलेली. तिसरी माझी, एका प्रदर्शनात घेतलेली. मुठीला सिंहाचं तोंड, पात्यावर नक्षी, म्यानाला लाल मखमल. तिचं काय झालं ते पुढं सांगतो.

आधी सगळ्यांची धार सारखी करा

बहुतेक जण इथंच चुकतात. नवी खुकुरी हातात घेतात, अंगठ्यानं धार बघतात, कागद कापून बघतात आणि निकाल देतात. पण दुकानातून आलेली धार म्हणजे शेवटच्या माणसानं ग्राइंडरवर किती वेळ धरली एवढंच. तिच्यावरून पोलाद कळत नाही. उलट पातळ धार ग्राइंडरवर तापून निळी पडली असेल तर तेवढ्या भागाचं पाणी उतरलेलं असतं. दोन-तीनदा निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर घासून ती मेलेली कड गेली की खालचं खरं पोलाद लागतं. म्हणून पहिल्या धारेवर कुणालाही पास किंवा नापास करू नका.

मी तिन्ही पाती एकाच निसण्यावर, एकाच कोनात, एकाच दुपारी घासली. खुकुरीचं पोट, म्हणजे धारेची पुढं फुगलेली बाजू, बाकदार असतं, म्हणून पातं स्थिर ठेवून निसणा त्यावर फिरवायचा, उलटं करायला गेलात तर पोटाला सपाट चट्टे पडतात. तर्जनीच्या नखावर धार अलगद टेकवली की घसरली नाही पाहिजे, इतपत झालं की पुरे. घासतानाच पहिला अंदाज येतो. धरानचीला वेळ लागला, निसणा खरखर न करता सुळसुळ जात होता. माझी प्रदर्शनातली दहा मिनिटांत झाली.

डोळ्यांनी आणि व्हर्नियरनं

पातं पाठीच्या बाजूनं डोळ्यासमोर धरा, बंदुकीचा नेम धरतात तसं. पाठीची रेघ मुठीपासून टोकापर्यंत सरळ दिसली पाहिजे. पाणी पाजताना पातं वाकतं, आणि चांगला कारागीर ते गरम असतानाच सरळ करतो. किंचित बाक असेल तर कामाला अडत नाही, पण मळसूत्रासारखा पीळ असेल तर ठेवून द्या, घाव तिरका बसेल.

मग जाडी. व्हर्नियर नसेल तर बोटांच्या चिमटीतही कळतं. धरानचीची पाठ मुठीजवळ ९ मिलिमीटर, बाकाशी ८, आणि टोकाच्या अलीकडं दोन इंचांवर ४. डेहराडूनची ८, ७, ४. माझी तिन्ही ठिकाणी ६, केसाचाही फरक नाही. म्हणजे ती घडवलेलीच नाही, सारख्या जाडीच्या पट्टीतून कापून घासून काढलेली. ऐरणीवर घडवलेलं पातं टोकाकडं निमुळतं होत जातं, त्यामुळे वजन बाकाशी राहतं आणि मनगटाला टोक जड लागत नाही. मुठीच्या पुढं बोटावर तोलून बघा. कामाच्या खुकुरीचा तोल मुठीच्या पुढं दोन-अडीच इंचांवर, पात्यात असतो. तो मुठीतच आला तर घाव हलका पडतो. फारच पुढं गेला तर अर्ध्या तासात कोपर दुखतं.

मुठीजवळच्या खाचेबद्दल लोक खूप बोलतात. कुणी गाईचं खूर म्हणतं, कुणी त्रिशूळ, कुणी रक्त गळायची वाट. आणि खुकुरी म्यानातून काढली की रक्त दाखवल्याशिवाय परत घालत नाहीत, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकली. मामांनी ती गोरखा जवानांनाच विचारली होती. ते म्हणाले, आम्ही हिनंच कांदा चिरतो, हिनंच लाकूड फोडतो, रोज कुठलं रक्त आणायचं? पारख करायला खाच एवढ्यासाठीच बघायची की दोन्ही बाजू सारख्या आहेत का आणि तिच्या तळाशी कानशीचे तीक्ष्ण कोपरे राहिलेत का. तडा अशा कोपऱ्यातून सुरू होतो. गोलसर, घासून गुळगुळीत केलेली खाच म्हणजे कारागिराला घाई नव्हती.

शेवटी मूठ सैल धरून पात्याच्या पाठीवर टिचकी मारा. आवाज स्वच्छ, लांब गेला पाहिजे. वडील घागर घेताना आणि कोयती तपासताना एकच गोष्ट करायचे, टिचकी मारून कान लावायचे. बद्द आवाज आला तर आत तडा आहे किंवा मूठ सैल आहे.

पाणी

आता मुख्य गोष्ट. नेपाळी कारागीर ट्रकच्या पाट्याचं, म्हणजे कमानीच्या स्प्रिंगचं पोलाद वापरतात. आमचे वडीलही तेच वापरायचे. त्यात साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो, आणि ते धार आणि लवचीकपणा दोन्ही देऊ शकतं. पण 'देऊ शकतं' एवढंच. देणार का, ते पाणी ठरवतं.

ते लोक पाणी कसं पाजतात हे मामांनी डोळ्यांनी पाहिलेलं. पातं भट्टीत लाल करतात, आणि किटलीच्या तोटीतून पाण्याची बारीक धार फक्त कडेवर, मुठीकडून टोकाकडं आणि परत, अशी सोडतात. कड एकदम थंड होऊन कडक होते. पाठ अजून गरम असते, आणि तिची उष्णता हळूहळू कडेकडं उतरून कडेचा ठिसूळपणा काढते. आमच्या खात्यात याच कामाला दोन फर्नेस आणि चार तास लागायचे: एकीत क्वेंचिंग, म्हणजे तापवून एकदम थंड करणं, दुसरीत टेंपरिंग, म्हणजे पुन्हा मंद तापवून ठिसूळपणा काढणं. तिथं तो माणूस किटली आणि नजर यांवर करतो. नेपाळीत या पाण्याला 'पाइन' म्हणतात, शब्दसुद्धा आपलाच वाटतो. अशा पात्याची कड काचेसारखी आणि पाठ घोड्यासारखी असते, घाव पाठ सोसते आणि कड कापते.

ते पाणी नीट बसलंय का हे बघायला कानस हवी. नवी, बारीक दात्यांची. मालकाला विचारून, चार ठिकाणी फक्त स्वतःच्या वजनानं कानस ओढा: पाठीवर, पात्याच्या मध्यावर, पोटाच्या कडेजवळ आणि टोकाजवळच्या कडेवर. पाठीवर कानस चावली पाहिजे, बारीक कीस निघाला पाहिजे. पोटाच्या कडेवर ती जवळजवळ घसरली पाहिजे, काचेवरून जाते तशी. एकाच जागी दोनदा ओढा, कारण भट्टीत पात्याच्या वरच्या कातडीतला कार्बन जळतो आणि पहिल्या ओढीला कानस मऊ कातडीच चावते. दुसऱ्या ओढीला खरं कळतं.

धरानचीच्या पाठीवर कानस चावली, मध्यावर कमी, पोटावर सपशेल घसरली, टोकाशी पुन्हा थोडी चावली. हाताच्या पाण्याचा हाच नकाशा असतो, सगळ्यात कडक जागा पोटाशी, जिथं घाव बसतो. डेहराडूनची सगळीकडं जवळपास एकसारखी, मध्यम कडक. ती अख्खी तेलात बुडवून नंतर टेंपर केलेली. ह्यात वाईट काही नाही. नीट केलं तर अशी पाती उलट जास्त भरवशाची, कारण एकीसारखी दुसरी निघते. पाठ आणि कड दोन्हीकडं कानस लोण्यासारखी चावली तर पात्याला पाणीच नाही. सगळीकडं घसरली तर त्याहून वाईट, ते पातं फुटायला बसलंय.

दुसरी चाचणी कडेची. बोटाएवढ्या जाडीचा पितळी रॉड टेबलावर आडवा ठेवा. पात्याची धार त्यावर थोड्या तिरक्या कोनात टेकवा आणि हलका दाब देऊन पुढं सरकवा. उजेडाकडं धरून बघितलं तर कड रॉडवरून जाताना किंचित वाकलेली दिसते, एक बारीक फुगवटा लाटेसारखा पुढं सरकतो. रॉड सुटला की कड परत सरळ झाली पाहिजे. वाकून तशीच राहिली तर मऊ. टिक् असा आवाज होऊन कण उडाला तर कडक पण टेंपर नसलेली. हे पहिल्यांदा बघाल तेव्हा मामेभावासारखं तुम्हालाही वाटेल की पोलाद जिवंत आहे. त्यानं तो रॉड माझ्या हातातनं घेतला आणि पाच वेळा करून बघितलं. मामा आतून चहा घेऊन आले आणि म्हणाले, "काय बघालास रे एवढं?" मग तेही वाकून बघायला लागले.

विक्रेते हार्डनेसचा, म्हणजे कडकपणाचा आकडा सांगतात, रॉकवेल ५८ वगैरे. मी तो आकडा रोज मोजायचो, म्हणून सांगतो, त्यावर आंधळा भरवसा नको. रॉकवेल मशीन हिऱ्याचं टोक १५० किलोच्या भारानं दाबतं, आणि त्याला खालची-वरची बाजू समांतर लागते. खुकुरी तर दोन्हीकडून उतरती. नीट टेकलीच नाही तर आकडा चुकीचा. शिवाय तो कुठल्या जागेचा, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. विचारायचंच असेल तर विचारा, "कडेचा किती आणि पाठीचा किती?" ज्यानं पाणी दिलंय त्याला हा प्रश्न लगेच कळतो.

पोलाद स्टेनलेस आहे का हे चुंबकानं ओळखायला जाऊ नका, चाकूचं बरंच स्टेनलेस चुंबकाला चिकटतं. त्यापेक्षा आमसुलाचं आगळ किंवा लिंबाचा एक थेंब मुठीजवळ पाच मिनिटं ठेवा. कार्बनचं पोलाद काळवंडेल, स्टेनलेस तसंच राहील. शोभेला स्टेनलेस ठीक, कामाला नको. डाग नंतर घासून जातो, पण तरी मालकाला विचारा.

मूठ

पाती मोडलेल्या खुकुऱ्या मी कमी पाहिल्या. मुठी निखळलेल्या खूप पाहिल्या. आणि मूठ निखळते ती घाव उचललेला असतानाच, म्हणजे पातं कुठं जाईल सांगता येत नाही.

मुठीचे प्रकार दोन. एकात पात्याची बारीक शेपटी मुठीच्या भोकात जाते आणि लाहा नावाच्या राळेसारख्या डिंकानं बसवलेली असते. दुसऱ्यात पोलादाची पट्टी मुठीच्या पूर्ण रुंदीनं शेवटपर्यंत जाते, दोन्हीकडून लाकडाच्या नाहीतर शिंगाच्या फळ्या रिवेटनं ठोकलेल्या. मामेभावासारख्या रोज तोडणाऱ्यानं दुसरी घ्यावी. पहिली हलकी, हाताला गोड, पण शेपटी मुठीच्या पार शेवटापर्यंत जाऊन मागच्या टोपीवर ठोकून बसवलेली असली तरच. मागून बघा. टोपीच्या मध्यभागी शेपटीचं चपटं केलेलं टोक दिसलं पाहिजे. काहीच दिसत नसेल तर शेपटी किती लांब आहे हे फक्त कारागिराला ठाऊक.

हवा हा आमच्या भागाचा वेगळा प्रश्न. कणकुंबी, जांबोटीकडं पावसाळ्यात भिंतीला ओल येते, आणि मार्च-एप्रिलमध्ये उद्यमबागेत लोखंडाला हात लावता येत नाही. म्हशीच्या शिंगाची मूठ दिसायला देखणी, पण अशा हवेत आकसते आणि रिवेटपाशी केसासारखी चीर पडते. धरानचीला तशी चीर पडली आहे. शिसवीची मूठ आमच्याकडं जास्त टिकते. लाकूड आणि पोलादाच्या सांध्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथंच पाणी शिरणार, तिथंच गंज धरणार. मग हाताला तेल लावून मूठ धरा, कारण घामानं हात तसाच होतो. मुठीच्या मध्ये कडं असतं ते तळव्यात टोचत असेल तर दिवसभराच्या कामात फोड येणार. नेपाळी मुठी आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या पंज्याला लहान पडतात, मागवताना तळव्याची रुंदी कळवा.

घाव

परसात एक वाळलेला कळक आणि मनगटाएवढा बाभळीचा ओंडका घेतला. प्रत्येक खुकुरीचे कळकाच्या पेरावर २५ घाव, बाभळीवर २५. माणूस एकच, म्हणजे मीच, मध्ये थोडा विसावा घेऊन. किती तुटलं हे मोजण्यापेक्षा नंतर धार बघायची. तरुण भारतचं पान हवेत धरून कापायचं, कड उजेडात धरून चमकते का बघायचं. धारदार कड उजेडात दिसत नाही. बोथट झालेली पांढऱ्या रेघेसारखी चमकते.

आता माझ्या खुकुरीचं. ती मी आधीच, घेतल्या वर्षीच, असाच वाळका कळक तोडायला वापरली होती. तिसऱ्या घावाला पोटाशी अर्धचंद्रासारखा तुकडा उडाला आणि माझ्या डाव्या नडगीत घुसला. टाका घालावा लागला. तुटलेली कड भिंगाखाली बघितली तर दाणे साखरेसारखे जाड, चकचकीत. म्हणजे भट्टीत जास्त तापवून तशीच थंड केली, टेंपर केलीच नाही. विकणाऱ्यानं मला हातानं घडवलेली म्हणून दिली होती. ज्या कामात मी आयुष्य घातलं तेच काम कुणीतरी न करता पैसे घेतले, ह्याचा राग अजून आहे. तेव्हापासून अनोळखी खुकुरीची पहिली तोड करताना मी जाड पँट, बूट आणि चष्मा घालतो, आणि बघणाऱ्यांना दहा पावलं मागं सरकवतो. तुम्हीही तसंच करा. म्हणून त्या दुपारी ती कळकावर न घालता नुसती बाभळीवर चालवली, उरलेल्या कडेचे आणखी दोन दात गेले.

डेहराडूनचीची कड ५० घावांनंतर पोटाशी दोन इंच चमकत होती, पण एकही दात गेला नव्हता. निसण्यावर चार हात मारले की पूर्ववत. धरानचीनं पान शेवटपर्यंत चिरलं.

म्यान आणि कायदा

म्यान दोन लाकडी फाकांवर चामडं चढवलेलं असतं. खुकुरी काढताना म्यान धारेच्या बाजूनं मुठीत आवळू नका, कारण घासून घासून धार तिथलं चामडं कापते आणि बोटांपर्यंत येते. पाठीच्या बाजूनं धरा. खुकुरी उलटी केली तर आपोआप सरकून पडू नये, आणि काढताना हिसकाही लागू नये, इतकं म्यान घट्ट हवं. सोबत दोन छोटी पाती येतात, कर्द आणि चकमक. कर्द लहान चाकू, चकमक बोथट, ठिणगी पाडायला आणि धारेची कड बसवायला. चकमकेवर कानस घसरली पाहिजे. ती मऊ असेल तर कारागिरानं ती नुसती जागा भरायला घातली. पावसाळ्यात पातं म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. मशीनचं तेल पुसून कापडात गुंडाळून ठेवा. खोबरेल नको, चिकट होतं.

शस्त्र नियमांत चाकूंच्या यादीत खुकुरीचं नाव स्पष्ट आहे. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं त्यात येतं, घरगुती आणि शेतीच्या कामाची हत्यारं वगळून. मागवण्याआधी आपल्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या, आणि बागेत न्यायची तर गुंडाळून, अवजारांबरोबर न्या. चंदगडला जाताना राज्याची हद्द लागते, निवडणुकीच्या दिवसांत तिथं गाड्या तपासतात.

लांबून मागवताना

कानस आणि रॉड घेऊन नेपाळला जाता येत नाही. मामेभावानं मग कारागिरांना काय विचारायचं ते मी त्याच्या मोबाइलवर लिहून दिलं. पाठीची जाडी मुठीशी, बाकाशी आणि टोकाशी किती? पाणी फक्त कडेला की अख्ख्या पात्याला? शेपटी कुठपर्यंत? टोपीचा मागून फोटो, पाठीचा वरून फोटो, आणि खाचेचा जवळून. वजन किती? पात्यात तडा निघाला तर बदलून देणार का? चौघांना पाठवलं. दोघांनी फक्त नक्षीचे फोटो पाठवले. एकानं सगळे आकडे दिले. चौथ्यानं आकडे दिलेच, वर उलट विचारलं की तुम्ही कसलं लाकूड तोडणार आणि तुमचा तळवा केवढा.

मामेभावानं चौथ्याला पैसे पाठवले. पाठ ९ मिलिमीटर, शिसवीची मूठ, पूर्ण रुंदीची पट्टी. पार्सल आलं की आधी खानापूरला आणायचं ठरलंय. कानस मामांकडंच ठेवून आलोय.